कोयत्याच्या पाठीवरचा सूर

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. सध्या डोळखांबच्या एका पाड्यावर कुडाच्या घरात राहते. पण माझा जन्म अमेरिकेतल्या एका डोंगराळ खेड्यातला. तिथल्या एका सुताराने आपल्या मुलासाठी, एल्मरसाठी, मला घडवले. एल्मर गावोगाव हिंडून खाणकामगारांची आणि आयाबायांची गाणी ऐकायचा आणि माझ्यावर बसवायचा. जत्रेत तो मला छातीशी धरून उभा राहिला, की गर्दी गप्प होई. तेव्हा मला वाटे, जगात माझ्यासारखी मीच!

एकोणीसशे बासष्टच्या सुमारास एल्मर कोंबडीपालन शिकवायला किन्हवलीला आला. मीही आले. आम्ही वाल्मिकच्या पडवीत राहत असू. वाल्मिक कल्याणला रेल्वेत नोकरीला होता, त्याला थोडेफार इंग्रजी येई. कोंबड्यांच्या निमित्ताने एल्मर पाड्यापाड्यांवर फिरू लागला आणि डोळखांबला त्याला नवसू भेटला.

नवसू घांगळी वाजवी. बांबूच्या दांड्याला दुधी भोपळे जोडलेले ते तारेचे वाद्य मी पहिल्यांदाच पाहत होते. एल्मरने मला पुढे केले, तर नवसूने माझ्या पोटावर टिचकी मारली.

"हिचा भोपळा चपटा हाय रे!"

सगळे हसले. मला राग आला. पण पुढे ते दोघे एकत्र वाजवू लागले आणि माझा राग कधी गेला ते कळलेच नाही. नवसूची बायको काशी नाचणीची भाकर पुढे ठेवून म्हणे, "आदी खा रे आलमर, मंग वाजव."

भातझोडणीच्या दिवसांत वाल्मिकची बैलगाडी ओढ्यात फसली. एल्मर चाकाला हात द्यायला धावला. चाक घसरले आणि त्याचा डावा हात दगडावर चेंगरला. हात वाचला, पण दोन बोटे कायमची ताठ झाली. माझ्या तारा दाबायच्या त्या त्याच हाताने! त्याने मला पेटीत ठेवले. तो त्याच पडवीत वावरे, मला त्याची पावले ऐकू येत. पण पेटीचे झाकण काही उघडत नसे.

एका सकाळी त्याने पेटी उचलून नवसूच्या अंगणात आणली.

"नवसूदादा, तू ठेव हिला. मी माझ्या देशी परत जातो. मला आता वाजवता येणार नाय."

"कोनी सांगितला तुला?" असे म्हणत नवसूने मला बाहेर काढले, मांडीवर आडवे निजवले आणि कमरेचा कोयता उपसला.

मी हादरलेच. आता आपण चुलीत जाणार! नवसूची सून यमू दारातून ओरडली, "मामा, काय करता?"

नवसूने कोयता उलटा धरला. धार वर, पाठ तारांवर. एका हाताने तारा छेडत त्याने ती गुळगुळीत पाठ हळूच पुढे सरकवली. माझ्यातून असा लांब, ओला आवाज निघाला, की मला माझीच ओळख पटेना.

"दाबायचा नाय रे, घसरवायचा," नवसू म्हणाला. "बोटा ताठ हायेत ना? मंग धर कोयता."

एल्मरने कोयता धरला. आधी नुसताच कर्कश आवाज आला. "पळाल्या बग तुज्या कोंबड्या!" काशी म्हणाली आणि एल्मर हसला. अपघातानंतर तो पहिल्यांदाच हसला होता. तो उन्हाळा त्याने माझ्यावरच घालवला. यमू जवळ बसून त्याचे हात न्याहाळत राही.

कामाची मुदत संपल्यावरच तो मायदेशी गेला. मला मात्र नवसूकडे ठेवून. "ही आता इथली झाली," एवढेच म्हणाला.

पुढे नवसू वारला. मला आढ्याला टांगले गेले. तारा गंजल्या, दोन तुटल्या. काशीने माझ्या पोटात वालाचे बियाणे भरले. यमू कधी कधी माझ्याकडे पाही आणि कामाला लागे.

मग बऱ्याच वर्षांनी एक दिवस वाल्मिकबरोबर एक गोरी बाई आली. ती एल्मरची बहीण मार्था. ती बोलली ते वाल्मिकने मराठीत सांगितले. एल्मर आजाराने गेला होता. पण परतल्यापासून तो गिटार मांडीवर आडवी ठेवूनच वाजवी आणि त्यांच्या खोऱ्यातली कितीतरी पोरे त्याच्याकडून तसेच शिकली होती. कोणाकडून शिकलास असे विचारले, की तो सांगे, "नवसूदादाकडून."

काशीने पदर तोंडाला लावला.

यमूने मला खाली काढले. वाल सुपात ओतले. उरलेल्या चार तारा ताणल्या आणि कोयता उलटा धरला. पहिला सूर चुकला, दुसरा लागला. मार्था डोळे मिटून गुणगुणू लागली, काशीने टाळ्यांचा ठेका धरला. वाल्मिकला मराठीत सांगण्यासारखे काही उरलेच नाही.

निघताना यमूने मला पुढे केले. "ने गो बाय. तुज्या भावाची हाय."

मार्थाने नकारार्थी मान हलवली आणि पिशवीतून नव्या तारांचे पुडके काढून यमूच्या हाती दिले. वाल्मिक म्हणाला, "ती म्हणते, ह्या बसव, आणि कुणाला तरी शिकव."

मित्रांनो, तुमच्या घरीही माळ्यावर एखादे वाद्य पडून असेल. त्याच्यावरची धूळ पुसा. पण पुसून परत ठेवू नका. शिकताना चुकाल, शेजारी कानांवर हात ठेवतील. ठेवू द्या. बेसूर हातांचे आम्हांला काही वाटत नाही. हातच नसले, की मात्र फार एकटे वाटते.