मीटरमागे चार सेंटीमीटर

मित्रांनो, खरं तर मान वर करून बोलायला मला तोंड राहिलेलं नाही, तरी बोलतो. मी एक जुनं चाक आहे. गाडीचं नव्हे हं. रस्त्याचं काम झालं की तो किती लांब झाला, हे मोजायचं चाक. एक उभा दांडा, खाली मी, आणि दांड्यावर आकडे फिरणारी एक छोटी डबी. माझी एक फेरी झाली की डबीत 'टक्' होतं आणि आकडा एकाने वाढतो. एक फेरी म्हणजे एक मीटर. निदान मी तरी असंच धरून चाललो होतो, आणि माझ्या भरवशावर अख्खं बांधकाम खातंही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यातला. तिथल्या कारागिराने माझ्या कडेवर रबराची पट्टी चढवली आणि पोलादी टेपने माझा घेर मोजला. एक मिलिमीटर जास्त भरला. त्याने पट्टी काढली, घासली, पुन्हा बसवली, पुन्हा मोजलं. बरोबर शंभर सेंटीमीटर भरल्यावरच त्याने मला खोक्यात ठेवलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मला कुणीच मोजलं नाही. मी दुसऱ्यांना मोजत राहिलो.

खात्यात मी ज्यांच्या हाती पडलो, त्यांना सगळे मोजणीसाहेब म्हणत. माणूस म्हणजे लाख माणूस. ठेकेदाराच्या कामावर गेले, तर पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं प्यायचे. रस्ता कितीही लांब असो, स्वतः माझा दांडा धरून चालायचे, आकडा वहीत लिहायचे आणि खाली सही करायचे. त्या आकड्यावर ठेकेदाराचं बिल निघायचं, आणि बिलाचे पैसे लोकांच्या करातून जायचे. म्हणून साहेब चालताना कुणाशी बोलत नसत. कुणी हाक मारली तर हातानेच 'थांबा' म्हणायचे.

संध्याकाळी ते मला ओल्या फडक्याने पुसायचे, आसाला तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि आपल्या टेबलामागे उभं करायचे. "सगळे खोटं बोलतील, पण हे चाक नाही बोलायचं," असं ते सांगायचे. मला केवढं बरं वाटायचं म्हणून सांगू!

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? मित्रांनो, अकरा वर्षं खडीवरून, डांबरावरून, सिमेंटवरून धावलो मी. रबर झिजत होतं. आज केसभर, उद्या केसभर. ते ना मला कळलं, ना साहेबांना. रबर झिजलं की चाक लहान होतं. चाक लहान झालं की फेरी लवकर पुरी होते. म्हणजे रस्ता एक मीटर व्हायच्या आधीच मी 'टक्' करून मोकळा. हे नेमकं कोणत्या रस्त्यापासून सुरू झालं, ते आजही मला सांगता येणार नाही.

पण एकाला ते बरोबर कळलं होतं. तो म्हणजे ठेकेदाराचा मुकादम. माझ्या आकड्याने रस्ता पुरा भरायचा, तरी दर कामात त्याची खडी उरायची, डांबर उरायचं. माझ्यात काय बिघडलंय, हे ताडायला त्याला वेळ लागला नाही. एकदा खात्याच्या गोदामात नवं कोरं चाक आलं, तेव्हा हाच मुकादम साहेबांना म्हणाला, "नवं कशाला साहेब? तुमचा हात बसलाय ह्याच्यावर. आम्हाला तर ह्याच चाकाची मोजणी पटते." साहेब खूश झाले. नवं चाक खोक्यातच पडून राहिलं. त्याने साहेबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि त्यांच्या मागोमाग मीही चढलो. ज्याचं काम मोजायचं, तोच आपली एवढी तारीफ का करतोय, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

मग आला दवाखान्याचा रस्ता. चौकापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत अडीच किलोमीटर, असं मंजुरीच्या कागदावर होतं. काम झालं. मी फिरलो. अडीच हजार फेऱ्या झाल्या, साहेबांनी सही केली. फाटक मात्र अजून पुढे होतं. मध्ये नुसते दगड आणि माती. साहेब जरा थबकले, मग स्वतःशीच म्हणाले, "नकाशावाल्यांनी अंतर धरायला चूक केलेली दिसते." माझ्यावर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्या रस्त्यावर एक शिलाईवाल्या ताई राहायच्या. त्यांच्या सासूबाईंच्या पायाला मोठी जखम होती. आठवड्यातून तीनदा मलमपट्टीला न्यावं लागायचं, तेही चाकाच्या खुर्चीतून. डांबर संपलं की खुर्ची दगडांत रुतायची. ताई एकट्या. कधी ढकलायच्या, कधी उलट्या वळून ओढायच्या. एके दिवशी खुर्ची कलंडली आणि सासूबाईंची भरत आलेली जखम पुन्हा फाटली. आता पाय वाचेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

ताईंनी खात्याला अर्ज दिला. उत्तर आलं, 'मंजूर लांबीचे काम पूर्ण झाले आहे.' त्यांनी दुसरा अर्ज दिला. तेच उत्तर, फक्त तारीख वेगळी. तिसऱ्या अर्जात त्यांनी एकच ओळ लिहिली: 'माझ्यासमोर मोजून दाखवा.'

साहेब चिडले, पण गेले. दहा-पंधरा लोक जमले होते. मुकादमही होता, अगदी निवांत. चौकातून निघालो. ताई शेजारून चालत होत्या. डांबर संपलं तिथे डबीत आकडा आला, अडीच हजार.

"बघा ताई," साहेब म्हणाले. "रस्ता पुरा आहे."

"मग फाटक चालत पुढे गेलं म्हणायचं का?" ताईंनी विचारलं. लोक हसले. साहेब लाल झाले.

तेवढ्यात ताई खाली बसल्या. गळ्यातला टेप काढला आणि, काय सांगू, सरळ माझ्या कमरेला गुंडाळला. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला मोजत होतं.

"शहाण्णव," त्या म्हणाल्या.

"तुमचा टेप चुकीचा असेल."

"असू शकतो. कापडाचा टेप ताणला जातो. म्हणून मी तो दर सहा महिन्यांनी बदलते, नाहीतर गिऱ्हाइकाचे कपडे बिघडतात." त्यांनी पिशवीतून पाकीटबंद नवा टेप काढला आणि साहेबांच्या हातात दिला. "तुम्हीच फोडा. तुम्हीच मोजा."

साहेबांनी मोजलं. शहाण्णव. पुन्हा मोजलं. शहाण्णवच. मुकादम तिथून हळूच सटकला. मीटरमागे चार सेंटीमीटर, म्हणजे अडीच हजार मीटरमागे बरोबर शंभर मीटर. शाळेत जाणारं पोर हा हिशेब करील. साहेबांनी तो माझ्यासमोर उभ्या उभ्या केला, आणि त्यांचा चेहरा उतरला. मला त्या क्षणी तिथल्याच मातीत गाडून घ्यावंसं वाटलं.

ऑफिसात मोठ्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "भंगारात टाका ते चाक. नवं काढा. तिथला शंभर मीटरचा तुकडा दुरुस्तीत दाखवून करून देऊ. विषय संपला."

"आणि बाकीचे रस्ते?"

"बाकीच्या रस्त्यांची तक्रार आलीय का? उकरायला गेलात तर प्रत्येक वहीत पहिली सही तुमचीच निघेल. दोन वर्षं राहिलीत ना नोकरीची? मग अंगावर कशाला ओढून घेताय?"

साहेब मला घेऊन बाहेर आले. भंगाराची खोली जिन्याखालीच होती. तिच्या दारात ते बराच वेळ उभे राहिले. खरं सांगतो मित्रांनो, मला वाटलं, टाका आता आत, सुटू दोघेही. पण साहेब वळले, टेबलाशी गेले आणि त्यांनी लिहायला घेतलं: 'माझ्या वापरातले चाक झिजलेले असून त्याची तपासणी मी कधीही केली नाही. या चाकाने मोजलेले सर्व रस्ते पुन्हा मोजावेत. चूक माझी आहे.' मग माझ्यावर कागदी पट्टी चिकटवून, तिच्यावर सही करून, त्यांनी मला त्या पत्रासोबत सरकारी हिशेब तपासणाऱ्यांच्या हवाली केलं. पत्राची एक प्रत ताईंच्या घरी पोचती केली, म्हणजे ते पत्र कुठे दडपता येणार नाही.

रस्ते पुन्हा मोजले गेले. सात रस्ते कमी भरले. ठेकेदार म्हणाला, चाक सरकारचं, आमचा काय दोष? पण मग कामावर उरलेलं डांबर गेलं कुठे, ह्याचं उत्तर त्याला देता येईना. सातही रस्ते त्याला पदरमोड करून पुरे करावे लागले. साहेबांचीही सुटका झाली नाही. पगारवाढ थांबली, आणि कालपर्यंत जे त्यांना नमस्कार करायचे, ते 'काय साहेब, किती लुटलंत?' असं विचारू लागले. सासूबाईंचा पाय वाचला, पण दोन बोटं काढावी लागली. ती बोटं माझ्या त्या चार सेंटीमीटरांत गेली, हे मला विसरता येत नाही.

आता मी खात्याच्या प्रशिक्षणाच्या खोलीत असतो. नव्या अभियंत्यांनी आधी माझा घेर मोजायचा, मग कामाला लागायचं, असा नियम साहेबांनी घालून दिलाय. मित्रांनो, माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. तुमच्या भागात रस्ता झाला, पूल झाला, बसचा थांबा झाला, की तिथला फलक नीट वाचा. लांबी किती, खर्च किती. मग चालून बघा. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा. आणि माझ्यासारख्यांना नुसतं धुऊनपुसून ठेवू नका. आम्हालाही मोजा.

शंभर मीटरचा तो तुकडा झाला, त्या दिवशी शेवटच्या मोजणीला साहेब नवं चाक घेऊन गेले होते, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. ताई सासूबाईंची खुर्ची घेऊन तिथे आधीच हजर. त्यांनी काही न विचारता खाली बसून नव्या चाकाला टेप लावला.

"अजून विश्वास नाही का, ताई?" साहेबांनी हळूच विचारलं.

"आता बसलाय, साहेब," ताई टेप वाचत म्हणाल्या. "म्हणून तर मोजतेय."