साहेबाशेजारचा डबा

मी एक जुना, स्वस्तातला, व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आहे. गिटारची तार छेडली की जो बारीक आवाज निघतो तो मोठा करून लोकांपर्यंत पोचवायचा, एवढंच माझं काम. उंचीने मी जेमतेम गुडघ्याएवढा. माझ्या पोटात जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दोन व्हॉल्व्ह आहेत, एक छोटा आणि एक मोठा. बटण दाबलं की ते हळूहळू तापतात, नारिंगी होतात, आणि तोवर अर्धा मिनिट मी तोंडातून ब्र काढत नाही. त्यामुळे घाईच्या माणसांशी माझं पहिल्यापासून जमलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात, फिरत्या पट्ट्यावर झाला. माझ्या अंगातले सगळे बारीकसारीक भाग एका यंत्राने एका हिरव्या पट्टीवर पटापट बसवले. खोका दाबलेल्या भुशाच्या फळीचा, वर काळं रेक्झिन. शेवटच्या टेबलावरच्या तपासनीस बाईंनी मला एकदाच वाजवून पाहिलं, "चालतोय, पुढे!" म्हणाल्या, आणि मी पुढे गेलो. माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते हेच. मला ते बरेच दिवस पुरलं.

तिथून मी एका वाद्यांच्या दुकानात आलो. गिऱ्हाइकांना वाजवून दाखवायचा नमुना म्हणून मालकांनी मला खोक्यातून बाहेर काढलं आणि साहेबाच्या शेजारी ठेवलं. साहेब हे नाव मी मनातल्या मनात दिलेलं. तोही माझ्याएवढाच छोटा अ‍ॅम्प, त्याच्याही पोटात दोनच व्हॉल्व्ह. पण त्याच्या आतली एकेक तार एका कारागिराने हाताने जोडलेली, खोका अस्सल लाकडाचा, आणि ट्रान्सफॉर्मर इतका वजनदार की उचलताना माणूस आधी बाह्या सरसावायचा. तोरा तर विचारूच नका. मला मात्र दुकानात सगळे डबा म्हणत.

त्या दुकानाची एक रीत होती. साहेब उंच स्टुलावर आणि मी खाली फरशीवर. त्यात मालकांचा काही कावा नव्हता. साहेब देखणा म्हणून डोळ्यांसमोर, डबा म्हणून पायांशी, इतका साधा हिशोब. गिऱ्हाईक उभ्याने आधी साहेबाला ऐकायचं, मग मला, आणि मग नाक मुरडायचं. "याचा आवाज कोंडल्यासारखा येतो," असं म्हणायचं. चार वर्षं हेच ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटू लागलं होतं. मित्रांनो, तेच तेच चारचौघांनी सांगितलं की आपल्याबद्दलचं खोटंसुद्धा आपल्याला पटतं.

एका दुपारी एक काका आपल्या मुलीबरोबर दुकानात आले. काका लेथ मशीनवर काम करणारे. तरुणपणापासून गिटार वाजवायचे. त्यांचं तिघांचं टोळकं होतं: ड्रमवर एक पोस्टमन, गायला शाळेतल्या एक बाई आणि गिटारवर काका. पण तीन वर्षांपूर्वी मशीनवर काम करताना काकांच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक गेलं. गिटारच्या तारा डाव्या हातानेच दाबायच्या असतात. काकांनी गिटार कपाटावर टाकली ती टाकलीच.

"पोस्टमनकाका काय म्हणाले ते सांगा की यांना," मुलगी म्हणाली.

"काय सांगायचंय त्यात," काका पुटपुटले. मग मालकांकडे न बघताच म्हणाले, "पुढच्या वर्षी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला आमचं गाणं ठेवलंय. यंदाही नाही म्हणालो तर दुसरा गिटारवाला घेणार आहेत. त्यांचं चूक नाही. तीन वर्षं थांबले बिचारे."

मालकांनी दुकानातली एक गिटार काकांच्या हाती दिली आणि रीतीप्रमाणे साहेबाला चालू केलं. काकांनी वाजवायला सुरुवात केली. साहेब सच्चा आहे हो! जे हातात असेल ते जसंच्या तसं सांगतो. आखूड बोट तारेवर पुरतं टेकत नव्हतं, तर तो सूर फुसका निघायचा. करंगळी घाई करायची, तर तीही ऐकू यायची. दुकानभर सगळं स्वच्छ, काचेसारखं. काकांनी गिटार खाली ठेवली तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"डबा बघा वाजवून," मालक सवयीने म्हणाले. काकांनी उभ्या उभ्याच दोन ओळी वाजवल्या. माझा आवाज त्यांच्या पोटऱ्यांवर आदळून तिथेच राहिला.

"राहू दे गं," ते मुलीला म्हणाले. "अ‍ॅम्प काय करणार? माझ्याच बोटांत राम राहिला नाही."

ते गिटार परत द्यायला वळले तेवढ्यात मागच्या टेबलाखालून आवाज आला, "काका, थांबा! आत्ता वाजवलंत ते परत वाजवा!"

या सोल्डरताई. मालकांच्या धाकट्या बहीण, दुकानातली सगळी दुरुस्ती त्यांच्याकडे. तारा डाखायच्या सोल्डरच्या धुराचा वास कायम अंगाला, म्हणून हे नाव पडलं. त्या वेळी एक बारीक स्क्रू हातातून निसटला होता आणि तो शोधत ताई गुडघे टेकून, कान फरशीला लागेल इतक्या खाली वाकून रांगत होत्या.

"अगं, तू तिथे काय करतेयस?" मालकांनी विचारलं.

"दादा, तूसुद्धा खाली ये. चार वर्षं आपण या डब्याचा आवाज गुडघ्यांना ऐकवतोय. कानांना ऐकवलाच नाही!"

मग जे झालं ते आठवून मला आजही हसू येतं. मालक, काका, काकांची मुलगी आणि ताई असे चौघं भरदुकानात फरशीवर मांडी घालून बसले. दारातून आत आलेलं एक गिऱ्हाईक हे बघून आल्या पावली परत गेलं. काकांनी पुन्हा वाजवलं. मी पहिल्यांदाच माणसांच्या तोंडासमोर तोंड करून बोललो.

ताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी मला स्टुलावर चढवलं आणि साहेबाला खाली उतरवलं. सगळे उभे राहिले, काकांनी वाजवलं, आणि काय सांगू, साहेबही कोंडला! मला आनंद झाला हे मी कबूल करतो. फार मोठ्या मनाचा मी कधीच नव्हतो.

शेवटी दोघांनाही शेजारी शेजारी, एकाच उंचीवर ठेवलं. आता खरी तुलना झाली, आणि मित्रांनो, तिच्यात साहेब माझ्यापेक्षा सरस ठरला हेही सांगितलं पाहिजे. गिटार थांबली की तो गप्प राहतो, मी गुणगुणत बसतो. आवाज वाढवला तरी त्याचे सूर वेगवेगळे राहतात, माझा आवाज लवकर फाटतो आणि खरखरीत होतो. पण त्या फाटण्यातच एक गंमत आहे. फाटताना मी हलक्या सुराला उचलून धरतो आणि जोरकस सुराला थोडं दाबतो, दोघांना एकाच रांगेत उभं करतो. आखूड बोटाचा सूर फुसका निघाला, तरी तो शेजारच्या सुरांच्या आधाराने उभा राहिला. काकांनी एक अख्खं गाणं न थांबता वाजवलं. तीन वर्षांत पहिल्यांदा.

"डबा न्यायचा का, बाबा?" मुलीने विचारलं.

"डबा काय म्हणतेस," काका म्हणाले. "नीट बोल त्याच्याबद्दल."

काकांच्या घरी मला शिवणयंत्राच्या टेबलावर जागा मिळाली, खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कानांच्या समोरासमोर. रोज संध्याकाळी सहाला काका कामावरून यायचे, हात धुवून बटण दाबायचे, आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात चहाचे दोन घोट घ्यायचे. मग तासभर आम्ही दोघं. अनामिकेचं काम करंगळीवर टाकायचं, जुनी गाणी नव्या बोटांनी बसवायची. काकू आतून ओरडायच्या, "तीच ओळ किती वेळा?" आणि काका म्हणायचे, "ती माझं ऐकेपर्यंत!" माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा काळ.

सहा-सात महिने गेले. एके दिवशी काका वाजवता वाजवता मध्येच थांबले. तीच ओळ त्यांनी पुन्हा वाजवली आणि माझ्याकडे बघत राहिले. "तू माझ्या चुका लपवतोयस," ते हळूच म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण मी समजून चुकलो. पुढच्या रविवारी साहेब घरी आला.

शिवणयंत्राचं टेबल त्याला मिळालं आणि मी खिडकीखाली, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी गेलो. मला कुणी टाकून दिलं नाही, पण विचारलंही नाही. कधीमधी मुलगी मला चालू करायची. पावसाळी हवेत एकदा काकूंना समजलं की मी चालू असलो की माझी पाठ छान ऊबदार होते. मग काय, हवेसाठी ठेवलेल्या माझ्या जाळीवर काकांचे ओले मोजे वाळू लागले! चौथ्या दिवशी माझा जीव गुदमरला, करपल्याचा वास सुटला आणि मी बंद पडलो.

सोल्डरताई पिशवी घेऊन आल्या. मला उघडून त्यांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, याला श्वास घ्यायला जागा लागते. जाळी मोकळी ठेवायची, वाजवून झालं की निवू द्यायचं, मगच उचलायचं. एवढं केलंत तर हा तुम्हाला म्हातारपणी सोबत करेल." काकू ओशाळल्या. नवा व्हॉल्व्ह बसला. त्या दिवसापासून काकू स्वतःच्या हाताने माझ्यावरची धूळ पुसतात, आणि मोजे दोरीवर.

वर्धापनदिन आला. वाचनालयाच्या सभागृहात साहेब मंचावर, काकांच्या खुर्चीशेजारी. ऐनवेळी तो बंद पडलाच तर असावा म्हणून मला पडद्यामागे चालू करून ठेवलं होतं. माझे व्हॉल्व्ह तापलेले, मी तयार. खरं सांगू? साहेबाने एकदा तरी दगा द्यावा, असं मला क्षणभर वाटलं.

त्याने दगा दिला नाही. दोन गाणी झकास झाली. तिसऱ्या गाण्यात मधल्या वादनात काकांचं आखूड बोट सवयीने पुढे आलं, तारेवरून घसरलं, आणि तो सूर फुसका निघाला. साहेबाने तो भरसभेत, स्वच्छ ऐकवला. पहिल्या रांगेत सोल्डरताईंनी डोळे मिटून घेतले. ड्रमवर पोस्टमनची काठी क्षणभर अडखळली. मी पडद्यामागे नुसता तडफडत होतो. तिथे मी असतो तर तो सूर सावरून धरला असता!

काकांनी बोटाकडे एकदा पाहिलं. करंगळी पुढे केली, पुढचा सूर घेतला, त्याच्या पुढचा घेतला, आणि गाणं शेवटाला नेलं. टाळ्या पडल्या तेव्हा गाणाऱ्या बाई हसत होत्या आणि पोस्टमन डोळे पुसत होता.

सामान आवरताना मुलीने विचारलं, "बाबा, ती चूक तुम्हाला ऐकू आली?"

"आली की. चांगली ठणठणीत ऐकू आली."

"मग?"

"मग काय? पुढचं कडवं होतं ना," काका म्हणाले, आणि मी निवलोय का ते हात लावून बघून त्यांनी मला उचललं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी काही नव्याने शिकत असेल, किंवा हातून सुटलेलं पुन्हा धरू बघत असेल, तर त्याला आधी थोडे दिवस माझ्यासारख्याच्या हाती द्या. त्याच्या चुका आम्ही पोटात घालू. तो तयार झाला की मात्र त्याला साहेबाकडे जाऊ द्या, त्याला अडवू नका. त्या रविवारी काका साहेबाला आणायला निघाले, तेव्हा त्यांना अडवावं असं मला फार फार वाटलं होतं, तुमच्यापासून कशाला लपवू? बरं झालं, मला हात नाहीत.