कडू दुधी

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे, मेरठची. मोडीत निघालेल्या गाडीच्या पोलादापासून एका लोहाराने मला घडवलं. वैजयंतीबाईंनी मला विकत घेतलं तेव्हा त्या दिल्लीत मुनिरक्याला भाड्याच्या घरात शेजारणींचे ब्लाउज शिवत. माझ्या धारेचं सगळ्या कौतुक करायच्या. पुढे बाजार तयार कपड्यांनी भरला. दिल्लीतल्याच द्वारकेच्या नव्या सोसायटीत आल्यावर शिवणयंत्र बंद झालं आणि मी चार वर्षं एका खणात गंजत पडले.

मग बाईंनी गच्चीवर भाजी लावली आणि मला पुन्हा धार लावून आणली. कोथिंबीर त्या उपटत नसत. दोन बोटं बुडखा ठेवून कापत, म्हणजे ती पुन्हा फुटे. पुदिना फुलावर यायच्या आत खुडत. दुधीला नख लावून बघत; सहज रुतलं तर थोडा देठ ठेवून कापत. कापडापेक्षा मला हेच काम आवडू लागलं.

एका मे महिन्यात त्यांचे यजमान दिनकरराव हृदयाच्या दुखण्याने आठ दिवस हॉस्पिटलात होते. भाजीला पाणी घालायला घरी कोणी नव्हतं. दोघं परतले तेव्हा वेल पार कोमेजला होता, पण एक दुधी मात्र हातभर वाढला होता. त्यात नख शिरेना.

"निबर झालाय हो," बाई म्हणाल्या.

"चालेल. शेजारचे हरीशजी म्हणत होते, दुधीचा ज्यूस हार्टला बिल्कुल बेस्ट. काढ तो."

बाईंनी दुधी कापून दिला. दिनकररावांनी हौसेने मिक्सर लावला, पेला भरला. तेवढ्यात बाईंनी उरलेल्या दुधीचा काप जिभेला लावला आणि लगेच थुंकला.

"थांबा. पिऊ नका. जहर कडू आहे."

"कडू म्हणजे जास्त गुणकारी असेल."

पेला ओठांपाशी पोचला होता. बाईंनी तो हिसकून घेतला. अर्धा रस दिनकररावांच्या शर्टवर सांडला.

"पाण्यावाचून तापलेल्या वेलाचा दुधी असा होतो. माझी आई चाखल्याशिवाय चिरू देत नसे. पोटात गेला की विष."

दिनकरराव रागावले. बाईंना खोटं पाडायला त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. ऐकता ऐकता ते खुर्चीत बसले.

"नाही डॉक्टर, एक थेंबही नाही," ते म्हणाले. रिसीव्हर ठेवून ते बाईंकडे वळले. "पेलाभर घेतला असता तर आजच परत ॲडमिट करावं लागलं असतं, म्हणतात. कदाचित घरी आलोच नसतो."

बाई तिथेच फरशीवर बसल्या. त्यांना रडू आलं, आणि रडता रडता हसूही. "शर्ट बदला आधी," त्या म्हणाल्या.

पावसाळ्यात त्यांनी नवा वेल लावला. आता पाणी दिनकरराव घालतात. पहिला दुधी वीतभर झाला तेव्हा बाईंनी तो कापून चाखला आणि एक काप त्यांच्या हातावर ठेवला. डोळे मिटून त्यांनी तो सावकाश खाल्ला. "गोड आहे," ते म्हणाले, आणि स्वतःच किसणी घेऊन बसले.

मित्रांनो, पिकवलेलं कोवळं असताना काढा, आणि कडू लागलं तर हळहळ न करता टाकून द्या. काम झालं की आमच्यासारख्यांना पुसून कोरड्या जागी ठेवा. उद्या सकाळी पुन्हा कोणाच्या तरी घरी कोथिंबीर लागणारच आहे.