सरळ मान

साडीवर टिकली चिकटवताना वर्षाची मान उजव्या खांद्याकडे कलायची. फार नाही, डोक्यावर तांब्या ठेवला तर पडेल, एवढीच.

आणि तिची माय भागीरथी आता पोरीच्या डोक्यावर रोज तांब्याच ठेवत होती. तेल झालं, शेक झाला, उधन्यातल्या हाडवैद्याची ओढाताण झाली. रविवारी अमळनेरचे पाहुणे वर्षाला बघायला येणार होते. तांब्याखाली मान सरळ राही, पण टिकल्या नक्षीबाहेर जात.

लूमवर कापड विणून घरी आलेल्या तिच्या बापाने, हिलालने, ती साडी बघितली. "काय वं पोरी, तुझ्या आधी या टिकल्याच नवरा शोधाले निघाल्या का?"

"आप्पा, मान सरळ धरली की रेघ फिसकटते."

भागीरथीला आठवलं. वर्षा सातवीत असताना शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, हिचे डोळे तपासा. चष्मेवाली पोर कोण करून घेईल, या धास्तीने तिने ते कानाआड केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती वर्षाला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. भिंतीवर एका ठिपक्यातून चहूकडे रेघा निघालेला तक्ता होता.

"कोणती रेघ जास्त काळी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ही, जरा तिरकी. बाकीच्या पुसट." वर्षाची मान कलली. "आता ही उभी जास्त काळी."

"मानेत काही दोष नाही," बाई भागीरथीला म्हणाल्या. "डोळ्याचा पुढचा पडदा चेंडूसारखा गोल हवा. हिचा एका दिशेला जास्त वाकलाय. मान वाकवून ती रेघा जुळवून घेते."

त्यांनी वर्षाच्या डोळ्यांवर रिकामी चौकट चढवली, तीत एक भिंग बसवलं आणि हळूहळू फिरवलं.

"थांबा," वर्षा म्हणाली. "सगळ्या सारख्या झाल्या."

तिची मान कुणी हात न लावता सरळ झाली होती. तिने वळून बघितलं. "माय, तुझी टिकली एका कडेने सुटलीये."

भागीरथीने टिकली दाबून बसवली. हात थोडा वेळ कपाळावरच राहिला.

शनिवारी चष्मा आला. हिलालने तो उलटसुलट करून बघितला. "उद्याचा दिवस डबीत राहू दे. सोयरीक जमली की मग लाव म्हणावं."

भागीरथीने तांब्या उचलून माठावर पालथा घातला.

"नाही," ती म्हणाली. "उद्या माझी पोर चष्मा लावूनच पाटावर बसेल."