लाल बाटलीतला बोल्ट

एलिएलला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातात धरलं होतं, म्हणजे मी त्याची मादरिना, धर्माची आई. मी दिसले की आधी "आशीर्वाद, मादरिना," आणि मी "देव भलं करो" म्हटल्याशिवाय हा पोरगा कॉफीचा घोट घेत नाही. त्या रविवारी सकाळी तो माझ्या मुलीला मारायला आला, तोही आशीर्वाद घेऊनच.

मारायला म्हणजे, विकायला. यारेलिसला सालिनासच्या पट्टीवर शर्यतीसाठी नायट्रस हवा होता. बटण दाबलं की गॅस इंजिनात शिरतो आणि आमची म्हातारी टोयोटा कुत्रं मागे लागल्यासारखी सुटते. एलिएलकडे वापरलेला संच होता: पाइप, व्हॉल्व्ह, बाटली तापवायचा हीटर आणि बाटली. ती बाटली यारेलिसच्या सीटमागे बसणार होती. अगदी पाठीला चिकटून.

बाटली कशी, तर नेलपॉलिश लावल्यासारखी लालचुटूक.

"आई, गाडीच्याच रंगाची!" यारेलिस विरघळलीच.

आमची शर्यतवाल्यांची सगळी जमात इथेच फसते. गाडीला मॅचिंग बाटली दिसली की डोकं गहाण! तो रंग भट्टीत भाजून चढवतात, आणि भट्टीत ॲल्युमिनियमचा जीव जातो, हे कोणाला ऐकायचं नसतं. मी किल्लीने मानेजवळचा रंग खरवडला. खाली तपासणीचा शिक्का निघाला. दर पाच वर्षांनी करायची ती तपासणी शेवटची झाली तेव्हा यारेलिसचे दुधाचे दात पडत होते.

मग नळाची बाजू बघितली आणि माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तिथे एक पातळ चकती असते. बाटली फार तापली, आत दाब वाढला, की ती फुटते, गॅस निघून जातो आणि माणूस वाचतो. त्या चकतीवर गच्च आवळलेला बोल्ट! हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो, साधा.

मी ओरडणारच होते. पण माझ्या ओरडण्याने हा पोरगा आजवर कधी सुधारलाय? आणि खोड्या काढण्यात माझा हात धरणारं गावात कोणी नाही.

"झकास आहे रे," मी म्हटलं. "भरलेली आहे ना?"

"गच्च! तुझ्यासाठी फुकट भरून आणली."

"मग चल, पट्टीवरच बघू. तू पुढे बस, बाटली मांडीवर घे."

"मांडीवर?"

"मागे यारेलिस आहे, कोळशाची पोती आहेत. तुझ्या डोक्यावर ठेवू का?"

बसला. मी बाटलीला हीटर गुंडाळला आणि वायर सीटखाली खोचली. जोडली कुठेच नव्हती, तेवढी अक्कल आहे मला. मग काचा वर केल्या.

"हीटर कशाला, मादरिना?"

"गार बाटली जोर करत नाही, तूच म्हणतोस ना? सालिनास येईपर्यंत मस्त तापेल."

"काच तरी जरा..."

"अडकलीय काच. नीट धर. पोटाशी धर, लेकरासारखी."

त्याच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. मी चावीला हात लावला.

"आशीर्वाद, मादरिना," तो पुटपुटला.

"आत्ताच घेतलास की."

"नाही... निघतोय ना आपण."

"सालिनासला? तिकडे तर तू चपला घालून भटकायला जातोस! निघताना कधी आशीर्वाद मागितलास?"

मागे यारेलिसचं हसणं थांबलं. तिने त्याच्याकडे बघितलं, मग बाटलीकडे. एलिएलने दार उघडलं, बाटली हळूच सावलीत गवतावर ठेवली आणि थेट आंब्यामागे पळाला.

"चकती सारखी फुटायची गं!" तो तिथूनच ओरडला. "गॅस वाया जायचा!"

"फुटायचीच असते ती, गाढवा! त्यासाठीच बसवतात! तुझ्या मांडीवर नको, आणि हिच्या पाठीला चालते?"

"बरं, नको तर नको. पोन्से गावात एक जण मागतोय, त्याला देतो."

इतका वेळ मला आतून थोडं हसू येत होतं. ते तिथे संपलं.

मी हातमोजे चढवले, बाटली परसाच्या टोकाला उघड्यावर नेली, सगळ्यांना लांब उभं केलं आणि नळ हळूहळू सोडला. पांढरा लोट फुसफुसत निघाला, कोंबड्या शेजाऱ्याकडे पळाल्या, नळावर बर्फ साचला. बाटली पार रिकामी झाल्यावर मी नळ आणि बोल्ट दोन्ही काढले. ग्राइंडर यारेलिसने माझ्या हातातून ओढून घेतला. लाल बाटलीचे दोन तुकडे करून ती एलिएलकडे वळली.

"पाइप आणि व्हॉल्व्ह घेते. आतली रबरं बदलेन. बाटली दुकानातून नवी आणेन. आणि तू माझ्याशी बोलू नकोस."

एलिएल फाटकापाशी घुटमळत राहिला. आशीर्वादाशिवाय पाय निघेना.

"आशीर्वाद, मादरिना."

मी बोल्ट त्याच्या तळहातावर ठेवला. "हा खिशात ठेवायचा. आधी हा दाखवायचा, मग आशीर्वाद मागायचा."

राग अजून गेलेला नाही माझा. बेकरीत भेटो, चर्चच्या पायरीवर भेटो, तो निमूट खिशात हात घालतो. कोणीतरी विचारतंच, काय रे ते?

"सांग की," मी म्हणते. "मोठ्याने."

त्याने सगळं सांगितलं की मग मी म्हणते, देव भलं करो.