घट्ट झाकण

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर लाल रंगात एकच नियम लिहिलेला आहे : ‘आधी टाकी उघडा’. तो बाबांनी स्वतः रंगवला. तरुणपणी त्यांनी एका ट्रकचा डिझेल पंप दिवसभर खपून खोलला, धुतला, परत बसवला आणि संध्याकाळी कळलं की टाकीत डिझेलच नव्हतं. तेव्हापासून कुठलीही डिझेलची गाडी येवो, बाबा आधी टाकीचं झाकण उघडतात, आत पट्टी बुडवून बघतात आणि मगच बाकीच्या जगाकडे वळतात. हे काम दुसऱ्या कुणी केलेलं त्यांना चालत नाही. मी त्यांची मुलगी, बारा वर्षं त्यांच्या शेजारी नट-बोल्ट आवळतेय, पण झाकण उघडायचा मान अजून मला मिळालेला नव्हता.

नियम चांगलाच आहे. फक्त त्याच नियमानं आमचं नाक कापलं.

माझी आत्या वाचनालयाची फिरती गाडी चालवते. मागे पुस्तकांचे कप्पे, पुढे आत्या. गाडी डिझेलची, सव्वीस वर्षांची, नाव म्हातारी. गेले दोन महिने म्हातारीनं नवंच नाटक सुरू केलं होतं. लांबच्या फेरीला सकाळी एका फटक्यात सुरू व्हायची, न थांबता अर्धा तास निमूट चालायची, मग हळूहळू दम सोडायची आणि बंद पडायची. पुन्हा सेल्फ मारला की नुसती घरघर. मग आत्याचा फोन यायचा. बाबा मोटारसायकल काढायचे, मी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन मागे. पोचल्यावर मी पुढे बॉनेट उघडायला लागायचे, आत्या सीटवरच असायची, आणि नियमाप्रमाणे बाबा मागे एकटेच झाकण उघडायचे, पट्टी बुडवायचे, झाकण घट्ट लावायचे आणि म्हणायचे, “डिझेल आहे. मार सेल्फ.”

थोडं खोकून म्हातारी सुरू!

असं पाच वेळा झालं. पहिल्यांदा मी फिल्टर बदलला. दुसऱ्यांदा सगळे तांब्याचे वॉशर. तिसऱ्यांदा रबरी नळ्या, कुठून हवा ओढत असेल म्हणून. चौथ्यांदा टाकीतून डिझेल खेचणारा छोटा पंपच नवा टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा आमचा हा उद्योग आठवला की मला अजून स्वतःचा राग येतो. पाचव्या वेळी म्हातारी परत सुरू झाली तेव्हा बाबांनी हात पुसत निकाल दिला.

“गाडीत काही नाही. माझा हात लागला की चालते ना? तूच चढावर नको त्या गिअरमध्ये रेटतेस. नाचता येईना, अंगण वाकडं.”

आत्या एरवी एकाला चार ऐकवणारी. त्या दिवशी तिनं नुसती मान डोलावली आणि गाडीत जाऊन बसली. 

शुक्रवारी मी तिच्याकडे गेले, तर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून किल्लीच्या कडीतून गाडीची किल्ली सोडवत होती. समोर पाकीट. त्यावर तिच्या साहेबांचं नाव.

“सोमवारी किल्ली यात घालून देऊन टाकते,” ती म्हणाली. “सांगेन, आता माझ्याच्यानं होत नाही. बसेन ऑफिसात शिक्के मारत.”

“आत्या, वेड लागलंय का तुला?”

“दादा म्हणतो तर असेल माझाच दोष. गाडी त्यानंच शिकवली ना मला.” तिनं नाक ओढलं. “परवा चौकात बंद पडली. मागचे हॉर्न वाजवत होते. कळतच नाही गं, आपण काय चुकतोय ते.”

मला बाबांचा इतका संताप आला की विचारू नका. आणि स्वतःचाही, कारण चार वेळा पेटी उघडून मीही हात हलवत परत आले होते.

“उद्या मी येते तुझ्याबरोबर,” मी म्हटलं. “बाबांना कळवायचं नाही.”

शनिवारी मी तिच्या शेजारी घड्याळ धरून बसले. गिअर ती अगदी चोख टाकत होती. सत्ताविसाव्या मिनिटाला, दवाखान्यापुढच्या चढावर, म्हातारीनं दम सोडला. आत्यानं सवयीनं फोन उचलला. मी तो काढून घेतला.

“आज बाबा नाहीत. आज नियमही नाही.”

बॉनेट उघडलं. फिल्टरच्या डोक्यावर बोटानं दाबायचा हातपंप असतो. दाबून सोडला की तो उडी मारून वर येतो. आज दाबला तो तसाच खाली बसून राहिला. टाकीकडून येणारी नळी मी सैल केली. डिझेल बाहेर यायचं सोडून तिनं ‘फुस्स’ करून हवाच आत ओढली. म्हणजे पुढे काही अडलं नव्हतं. मागून कुणीतरी डिझेल धरून ठेवलं होतं. मागे काय आहे? टाकी. आणि टाकीवर काय आहे?

मी झाकणाकडे बघत उभी राहिले.

जुनं झाकण गळकं होतं. वळणावर डिझेल सांडायचं आणि पुस्तकांना वास लागायचा. म्हणून बाबांनी दोन महिन्यांपूर्वी तीन दिवस लेथवर उभं राहून पितळेचं नवं झाकण बनवलं. आत जाड रबरी रिंग, वर आत्याच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं. “थेंब बाहेर येणार नाही,” असं चारचौघांत सांगत होते. थेंब येत नव्हताच. पण हवाही आत जात नव्हती. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल अडखळतं, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जुन्या झाकणाला श्वास घ्यायला बारीक छिद्र होतं. नव्याला बाबांनी ते ठेवलंच नव्हतं. गाडी उभी असली की रबराच्या कडेनं हळूहळू हवा शिरत असणार, म्हणून जवळच्या फेऱ्या निभत होत्या.

झाकण फिरवलं. आधी हलेना. मग ‘सूंऽऽ’ असा लांब आवाज आला. तीन पावलांवरच्या आत्यालाही तो ऐकू गेला. बाबांचे कान ठोकाठोकीनं केव्हाच अधू झालेत, त्यामुळे दर वेळी ते स्वतःच्या हातानं रोग बरा करत होते आणि लगेच परत लावून देत होते.

नळी आवळली, पंप मारून हवा काढली. म्हातारी सुरू झाली. आत्या पोट धरून हसली. मग एकदम थांबली.

“दादाला सांगू नकोस.”

“का?”

“तीन दिवस उभा होता गं माझ्यासाठी. आपण गुपचूप जुनं झाकण लावू.”

“आणि बाबा तुला जे बोलले ते?”

“मला कळलं ना माझा दोष नाही. पुरे झालं.”

“मला नाही पुरलं,” मी म्हटलं.

गॅरेजमध्ये मी झाकण बाबांच्या पुढ्यात ठेवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. आता आरडाओरडा होणार म्हणून मी कंबर कसून उभी होते. बाबांनी झाकण उचललं, चष्मा वर करून आत पाहिलं, अंगठ्यानं रबर दाबलं.

“पाचही वेळा मीच उघडलं?”

“पाचही वेळा.”

बराच वेळ ते फडक्यानं झाकण पुसत राहिले. मग ड्रिलला सगळ्यात बारीक बिट लावलं, झाकण शिकंज्यात धरलं आणि थांबले.

“तू मार भोक,” ते बाजूला होत म्हणाले. “अक्षराला धक्का लावू नकोस.”

सोमवारी सकाळी बाबा न बोलावता आत्याच्या शेजारी जाऊन बसले. मी मागे पुस्तकांत. साहेबांच्या नावाचं पाकीट समोरच्या काचेपाशी रिकामंच पडलं होतं. किल्ली जागेवर होती. पंचवीस मिनिटं. सव्वीस. दवाखान्याचा चढ आला. आत्यानं गिअर टाकला. बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले होते आणि तोंड त्याहून घट्ट. म्हातारी चढ चढून गेली.

पहिल्या थांब्यावर आत्यानं हँडब्रेक ओढला. तिनं बाबांकडे बघितलं नाही.

“गिअर बरोबर टाकतेस,” बाबा म्हणाले.

“हं.”

“आधीही बरोबरच टाकत होतीस.”

“मग दादा,” आत्या समोर बघतच म्हणाली, “अंगण खरंच वाकडं होतं म्हणायचं?”

बाबांनी ते पाकीट उचललं, चार तुकडे केले आणि खिशात ठेवले.

“होतं,” ते म्हणाले. “मीच केलं होतं.”