हेर उल्क आणि कॅरिबियनचं पाणी

उल्का बिराजदारला पोहता येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. ती सोलापूरची. तिच्या पेठेत नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं, आणि आलं की ते भांड्यांत भरून झाकून ठेवायचं असायचं. त्यात पोहण्याचा विचार करणाऱ्याला घरातून हाकलून दिलं असतं. तरीही २००६ आणि २००७ या दोन वर्षांत जर्मनीतले कितीतरी पेन्शनर कॅरिबियनच्या क्रूझवर निघण्याआधी, तोंडात नळी धरून मासे बघायला कुठल्या किनाऱ्यावर उतरायचं, हे तिला विचारून ठरवत होते.

मी हृषिकेश. जर्मनीतल्या येना गावात आम्ही दोघं एकाच संस्थेत पीएच.डी. करत होतो आणि एकाच खोलीत बसत होतो. तिचा विषय होता गढूळ पाण्यातून प्रकाश कसा जातो. तळघरातल्या लॅबमध्ये एक लांबलचक काचेची टाकी होती. त्यात ती ड्रॉपरने दुधाचे थेंब टाकायची, लेझर सोडायची आणि पलीकडे किती उजेड पोचला ते मोजायची. तिच्या प्रबंधात दुधाला ‘विखुरणारं माध्यम’ म्हटलेलं आहे. उरलेल्या माध्यमाचा आम्ही चहा करायचो.

भानगड सुरू झाली ती जर्मनच्या क्लासमुळे. तिच्या बाईंनी, फ्राऊ क्रुम्बाइनने, तिला सांगितलं की तुझं व्याकरण चांगलं आहे, पण तू परदेशी लोकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी ऑफिसातल्या फॉर्मसारखी बोलतेस. रोज कुणातरी खऱ्या माणसाला काहीतरी लिहीत जा. उल्काला येनात मी सोडून खरं माणूस ठाऊक नव्हतं. मग एकदा प्रबंधासाठी ‘पाण्याखाली किती लांबचं दिसतं’ असं जर्मनमध्ये शोधताना तिला क्रूझला जाणाऱ्या लोकांचा एक फोरम सापडला. तिथे कोलोनच्या एका बाईंनी विचारलं होतं, आमचं जहाज सेंट लुशियाला सात तास थांबणार आहे, जहाजाची सहल न घेता स्नॉर्केलिंगला कुठे जावं, जिथे पाणी स्वच्छ असेल? खाली ‘अॅडमिरल’ नावाच्या माणसाचं एकच उत्तर होतं: जहाजाची सहल घ्या.

उल्का मला नंतर म्हणाली की जर्मनीत आल्यापासून कुणी विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता, ज्याचं उत्तर तिला येत होतं.

तिने लिहिलं. डोंगराळ बेट आहे, म्हणजे नद्या माती आणणार, तेव्हा नदीच्या मुखापासून लांब राहा. वारा पूर्वेचा असतो, म्हणून पश्चिमेचा किनारा घ्या. धक्क्याजवळ जाऊ नका, जहाजांचे पंखे तळ ढवळतात. आदल्या दिवशी पाऊस पडला असेल तर सरळ बिअर प्यायला जा. उपग्रहाचे फोटो दाखवणारं गूगल अर्थ तेव्हा नवीन होतं. त्यात बघून तिने एक छोटी खाडीही सांगितली: पायवाटेने खाली उतरा, डावीकडच्या खडकांपर्यंत चाळीस मीटर. आणि हे सगळं पडताळून बघायला तिने काय केलं, तर लोकांनी इंटरनेटवर टाकलेले सुट्टीचे फोटो काढून, छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसांचे पाय कुठपर्यंत दिसतात ते मोजलं. लॅबच्या कॉम्प्युटरवर चड्डीतले अनोळखी गोरे पसरलेले बघून आमचे प्रोफेसर एकदा दारातूनच परत गेले होते.

फोरमवर नाव नोंदवताना ‘उल्का’ आधीच कुणीतरी घेतलं होतं, म्हणून तिने ‘उल्क’ लिहिलं. जर्मनमध्ये उल्क म्हणजे थट्टा. झालं, लोकांनी ठरवूनच टाकलं की हा कुणी मिश्कील म्हातारा आहे. ‘प्रिय हेर उल्क’ म्हणून पत्रं येऊ लागली. फ्राऊ म्हणजे श्रीमती, तसं हेर म्हणजे तिकडे श्रीयुत. आपल्याकडच्या अर्थानेही ते फार चुकीचं नव्हतं. कुणीतरी विचारलं की समुद्राची एवढी ओढ कुठून आली. उल्काने खरं तेच लिहिलं: माझं बालपण पाण्याची वाट बघण्यात गेलं. त्यावर तिला बारा हार्दिक उत्तरं आली, त्यांतली तीन निवृत्त खलाशांची होती.

मी तिला म्हटलं की सांगून टाक. ती म्हणाली, मी खोटं कुठे बोलते? त्यांनी पाण्याबद्दल विचारलं, मी पाण्याबद्दल सांगितलं. मी पोहते का, हे कुणी विचारलंच नाही.

कोलोनच्या बाई, फ्राऊ ब्रॉकमान, सेंट लुशियाहून परत आल्या आणि त्यांनी फोरमवर दोन पानं लिहिली. खाडी होती, पायवाट होती, डावीकडे खडक होते, आणि खडकांत इतके मासे होते की त्यांना औषधाच्या दुकानातल्या सोमवार सकाळची आठवण झाली. त्या पूर्वी केमिस्ट होत्या. त्यानंतर प्रश्नांचा पाऊसच पडला. ग्रेनाडा, बार्बाडोस, कुरासाओ. उल्का रोज जेवणाच्या सुट्टीत एक बेट निकालात काढायची. एकदा फसलीही. फोटोत काळा दिसलेला पट्टा प्रवाळ नसून समुद्री गवत निघालं, आणि हॅनोव्हरचे एक गृहस्थ तासभर गवत आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची बघून आले. उल्काने माफी मागितली आणि चूक नेमकी कशामुळे झाली याचं तीन परिच्छेदांचं विश्लेषण लिहिलं. त्याने तिची पत आणखीच वाढली. चूक परिच्छेद पाडून कबूल करणारा माणूस जर्मनांना फार आवडतो.

फक्त अॅडमिरलला हे आवडत नव्हतं. एकतीस क्रूझ केलेला माणूस; उल्का येईपर्यंत फोरमवर त्याचाच शब्द शेवटचा असे. त्याने जाहीर केलं की नोव्हेंबरात कोलोनला फोरमचा मेळावा आहे, तिथे हेर उल्कने येऊन सगळ्यांना भेटावं, म्हणजे कुणी कुठे कुठे बुडी मारली आहे ते कळेल. लगेच सोळा जणांनी आनंद व्यक्त केला. फ्राऊ ब्रॉकमाननी केक आणायचं कबूल केलं.

उल्का आठवडाभर टाकीत दूध जास्त टाकत होती. शेवटी म्हणाली, “जाते. त्या बाई केक आणणार आहेत. तू चल बरोबर.”

वीकएंडच्या स्वस्त तिकिटावर फक्त हळू गाड्या चालतात, म्हणून आम्ही पहाटे निघून पाच वेळा गाडी बदलली. वाटेत ती कबुलीजबाब पाठ करत होती. तिने त्याला प्रस्तावना, पद्धत आणि निष्कर्ष असे भाग पाडले होते. मी म्हटलं, संदर्भसूची राहिली. ती पुढच्या दोन स्टेशनांपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

कोलोनमधल्या एका जुन्या बिअरच्या खानावळीची मागची खोली होती. आम्ही आत गेलो आणि सोळा म्हाताऱ्या माणसांनी उठून माझा हात हातात घेतला. हेर उल्क, किती तरुण तुम्ही. कुणीतरी माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणालं की पोहणाऱ्याचे खांदे आहेत. मला क्षणभर मोह झाला, खोटं कशाला बोलू. मग मी बाजूला झालो आणि म्हटलं, हेर उल्क या आहेत.

उल्का उभी होती पाच फूट एक इंच, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात फाइल. तेवढ्यात वेटर आला आणि सगळ्यांपुढे बिअरचे छोटे ग्लास ठेवून गेला. कोलोनमध्ये ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो. नको असेल तर ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवायची असते. हे आम्हाला माहीत नव्हतं. उल्का पीत नाही, म्हणून तिचेही मीच संपवत होतो, आणि वेटर दोघांचेही भरत होता. पुढचं मी जे सांगतोय ते या परिस्थितीत पाहिलेलं आहे.

अॅडमिरलचं खरं नाव हेर टिलमान्स. सत्तरीचा, पितळी बटणांचा निळा कोट, आणि डोक्यावर एखाद्या विशीतल्या मुलासारखे दाट तपकिरी केस. त्याच्यापुढे उल्काच्या सगळ्या उत्तरांचे प्रिंट होते, ठिकठिकाणी अधोरेखित केलेले. त्याने अगदी सभ्यपणे विचारलं की यांतल्या किती ठिकाणी आपण स्वतः पाण्यात उतरला आहात.

उल्का फाइल उघडायला विसरली. प्रस्तावना गेली, पद्धत गेली.

“एकाही नाही,” ती म्हणाली. “मला पोहता येत नाही.”

हॅनोव्हरचे गवतवाले गृहस्थ आपल्या ग्लासकडे बघत राहिले. हेर टिलमान्सने प्रिंट एकावर एक नीट रचले. कोर्टात खटला जिंकल्यावर वकील रचतात, तसे. तो म्हणाला, आल्झो, म्हणजे थोडक्यात, याला फसवणूक म्हणतात.

मग फ्राऊ ब्रॉकमान बोलल्या. एकाहत्तर वर्षांच्या, बुटक्या, आणि पोहणाऱ्याचे खांदे खरं तर त्यांचे होते. त्यांनी विचारलं की ठिकाणं मग शोधलीत कशी. उल्काने सांगितलं: नद्या, वारा, उपग्रह. चड्डीतल्या माणसांच्या पायांपर्यंत आली तेव्हा आवाज फार बारीक झाला होता. पण लोक पुढे सरकून ऐकत होते. एकाने विचारलं, चुकांचं प्रमाण किती? उल्का म्हणाली, ज्यांचा अहवाल आला त्या तेवीस ठिकाणांपैकी चार. गेनाऊ, अगदी बरोबर, फ्राऊ ब्रॉकमान म्हणाल्या, माझ्या डायरीतही तेच आहे; जहाजाच्या सहलींचं प्रमाण याहून वाईट आहे. दोघातिघांनी टेबलावर बोटांनी टकटक केली. विद्यापीठात लेक्चर आवडलं की करतात तशी.

हेर टिलमान्सचा चेहरा लाल झाला. तो म्हणाला की प्रश्न प्रमाणाचा नाही, जो माणूस पाण्याखाली गेला नाही त्याने बोलूच नये.

त्याच्या शेजारी त्याची बायको बसली होती. तोवर ती केकच खात होती. तिने काटा खाली ठेवला.

“विल्फ्रीड,” ती म्हणाली, “एकतीस क्रूझमध्ये तू तरी कधी डोकं पाण्यात घातलंस? त्याचा गोंद सुटतो ना.”

मला आधी जर्मन नीट कळलं नाही असं वाटलं. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू त्याच्या केसांकडे गेल्या, तशी माझीही गेली. हेर टिलमान्सने हात वर नेला आणि अर्ध्यातूनच परत आणला. वेटरने त्याच्यापुढे भरलेला ग्लास ठेवला. मला हसू आलं, आणि ते दाबायला मी उल्काचा सातवा ग्लास संपवला.

उल्का हसली नाही. ती उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि जहाजाच्या डेकवरून पाणी कसं दिसतं, हे तिने त्याला विचारलं. खरंच विचारलं, तिला जाणून घ्यायचं होतं; हा माणूस एकतीस वेळा त्या पाण्याकडे वरून बघत आला होता. त्याने ग्लास बाजूला सरकवला. नंतर म्हणाला, सकाळी आठच्या सुमाराला, सूर्य पाठीमागे असला की, प्रवाळ कुठे आहे ते रंगावरून कळतं. तिने फाइल उघडून ते लिहून घेतलं. अर्ध्या तासाने दोघं रंगांवरून वाद घालत होते. मैत्री वगैरे झाली असं समजू नका. पुढच्याच आठवड्यात त्याने फोरमवर तिच्या एका उत्तराखाली पुन्हा लिहिलं: जहाजाची सहल घ्या.

निघताना फ्राऊ ब्रॉकमाननी उल्काचा दंड धरला आणि सांगितलं की एवढी हुशार मुलगी आणि पोहता येत नाही, ही लाज आणणारी गोष्ट आहे. दर रविवारी मला फोन करून प्रगती सांगायची.

त्यामुळे त्या हिवाळ्यात उल्का बिराजदार, वय अठ्ठावीस, येनाच्या हालेनबाडमध्ये, म्हणजे छपराखालच्या तलावात, सहा वर्षांच्या पोरांबरोबर पोहायला शिकली. तिकडे पोरांना पहिली परीक्षा पास झाल्यावर समुद्रघोड्याचा बिल्ला मिळतो. काठावरून उडी, पंचवीस मीटर पोहणं आणि खांद्याएवढ्या पाण्यातून तळाची रिंग उचलून आणणं. रिंग उचलताना ती दोनदा नापास झाली. पाण्याखाली डोळे उघडायला ती तयार नव्हती. पाण्याखाली काय दिसतं यावर तिचे दोन शोधनिबंध छापून आलेले होते. शेजारच्या एका मुलीने तिला समजावलं की आत काही नसतं, नुसत्या फरश्या असतात. तिसऱ्या वेळी ती रिंग घेऊन वर आली. बिल्ला स्विमिंग सूटवर शिवून घ्यायचा असतो. तिने तो लॅबच्या कोटावर शिवला.

जुलैत फ्राऊ ब्रॉकमान आगगाडीने येनाला आल्या. एका पिशवीत दोन मास्क, दुसऱ्या पिशवीत बटाट्याचं सॅलड. आम्ही तिघं गावाबाहेरच्या एका तलावावर गेलो. दगडाची जुनी खाण होती, तिच्यात पाणी भरलेलं. कॅरिबियनशी त्याचं नातं एवढंच की दोन्ही ओले. फ्राऊ ब्रॉकमाननी मास्कवर आतून थुंकून दाखवलं, म्हणजे काच धुरकट होत नाही. उल्काने विचारलं, का होत नाही? तिला उत्तर न देता त्यांनी तिला पाण्यात ढकललं, आणि स्वतःही उतरल्या.

मी काठावर बसून सॅलड सांभाळत होतो. पाण्यावर दोन नळ्या दिसत होत्या. एक शांत, दुसरी घाईघाईने फुरफुरणारी. थोड्या वेळाने दुसरी उभी राहिली आणि उल्का कमरेएवढ्या पाण्यात मास्क कपाळावर ढकलून माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, काय दिसलं?

“काही नाही,” ती म्हणाली. “नुसतं हिरवं.” मग म्हणाली, “पण अरे, ते सगळीकडून होतं.”

तिकडून फ्राऊ ब्रॉकमान ओरडून विचारत होत्या की किती मीटर दिसतं. उल्काने आपला हात पाण्यात लांब केला, बोटांकडे बघितलं, मनात हिशेब केला आणि एक मीटर वीस म्हणून सांगितलं. मग मास्क खाली ओढला आणि पुन्हा आत गेली. तिचे ओठ निळे पडेपर्यंत आम्ही दोघं तिला बाहेर बोलावत होतो.